होडीतली झोप

आज मुक्काम गणपतीपुळ्याला. रिसॉर्टच्या खोलीत मुलांसाठी चक्क होडीच्या आकाराचा पलंग, वर मासेमारीचं जाळं टांगलेलं. धाकटीने आत पाऊल टाकताच जाहीर केलं, "मी आता इथेच राहणार!"

सकाळी आईसोबत मंदिरामागच्या डोंगराला प्रदक्षिणा, मग जवळच्या 'प्राचीन कोकण' या खुल्या संग्रहालयात. ५०० वर्षांपूर्वीच्या गावाचा देखावा, बारा बलुतेदारांचे माणसाएवढे पुतळे. आई एकेका पुतळ्यापाशी थबकायची. "आमच्या आजोळी अस्संच होतं गं," म्हणत नातीला सगळं समजावत राहिली. किती दिवसांनी तिला एवढं बोलताना पाहिलं!

इथला समुद्र ओढ घेणारा, म्हणून पोरांना घोटाभर पाण्यापुढे सोडलं नाही. रुसवा उकडीच्या मोदकाने गेला.

आत्ता धाकटी होडीत गाढ झोपलीये, मुठीत शिंपला घट्ट धरून.