सरासरी साडेसात, पण जादूगारणीचे काय?

शनिवारी रात्री आम्ही पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ खेळतो, २०१४ ची पाचवी आवृत्ती. डीएम (डंजन मास्टर), म्हणजे खेळ चालवणारी, मी. नुसत्या अंदाजाने लढाई बेतायची मला धास्ती वाटते, म्हणून पायथनमध्ये छोटंसं सूत्र लिहून ठेवलंय.

हल्ला वीस बाजूंच्या फाशावर ठरतो; बोनस त्यात मिळवायचा, आणि आर्मर क्लास म्हणजे घाव बसायला गाठावा लागणारा आकडा. घाव बसायची शक्यता = (२१ + हल्ल्याचा बोनस − आर्मर क्लास) ÷ २०. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा बोनस ४, आमच्या जादूगारणीचा आर्मर क्लास १२. म्हणजे ६५ टक्के. नुकसान सहा बाजूंचा एक फासा अधिक २, सरासरी ५.५. हल्ल्याच्या फाशावर वीस पडले की नुकसानाचा फासा दोनदा टाकतात, त्याचे ०.१७५ वेगळे मिळवायचे. एका गॉब्लिनचे फेरीला ३.७५, दोघांचे ७.५.

जादूगारणीचे हिट पॉइंट, म्हणजे ती किती नुकसान सोसू शकते तो आकडा, ८. सरासरी म्हणते, वाचली!

पण सरासरीने कुणी फासे टाकत नाही. दोन गॉब्लिनांच्या सगळ्या शक्यता कोडने एकेक करून मोजल्या, तेव्हा पहिल्याच फेरीत ती शून्यावर जायची शक्यता निघाली सुमारे ४९ टक्के. मी तो आकडा बघतच बसले. मैत्रिणीने आठवडाभर खपून जादूगारणीचं पहिल्या पातळीवरचं पात्र रंगवायचं आणि नाणेफेकीत गमवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

मग एक गॉब्लिन टेकडीवर हलवला, ८० फुटांपलीकडे. तिथून धनुष्य चालवताना हल्ल्याचे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो, म्हणून त्याचे ६५ टक्के ४२ वर येतात. दुसरा होता तिथेच ठेवलाय.