मागांखालच्या तुळया

यंत्रमागाची फणी प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एकदा पुढे येते आणि मागे जाते. मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा, म्हणजे सेकंदाला दोन-अडीच वेळा. जमिनीवरचा माग हा धक्का मातीला देऊन टाकतो. पहिल्या मजल्यावरचा माग तो स्लॅबला देतो, स्लॅब तुळयांना आणि तुळया खांबांना. एकाच वेगाचे बरेच माग शेजारीशेजारी असले की अधूनमधून त्यातले काही एका तालात येतात आणि खाली उभ्या माणसाच्या तळपायाला ते कळतं. भिवंडीतल्या ज्या इमारतीबद्दल लिहिते आहे, तिथे ते टेबलावरच्या चहातही दिसायचं.

खाली धाकट्या भावाचं कोऱ्या कापडाचं गोदाम, वर थोरल्याचा कारखाना. तुळया सहा मीटर गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर तेवढं, आणि पोटाला उभ्या भेगा पडलेल्या. इंजिनिअर म्हणून मी हिशेब केला तेव्हा मागांच्या वजनाला आणि धक्क्याला धरून त्यांच्यात सळई कमी भरत होती. काँक्रीटचं जॅकेटिंग, म्हणजे तुळयांभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर, करायचं तर वरचा कारखाना कित्येक आठवडे बंद ठेवावा लागला असता. म्हणून कार्बन फायबरचं कापड इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेने, तुळयांच्या पोटाला चिकटवायचं ठरलं.

धाकट्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "मॅडम, ह्याने थरथर थांबेल ना?" मी नाही म्हटलं. चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या कापडाची हिशेबातली जाडी ०.१६७ मिलिमीटर. २३० मिलिमीटर रुंद तुळईला दोन थर दिले तर कार्बनचं क्षेत्रफळ जेमतेम एका १० मिलिमीटरच्या सळईएवढं होतं, आणि त्याचा ताठरपणाही पोलादापेक्षा थोडाच जास्त. त्यामुळे तुळई ताठ होत नाही. तिची ताकद वाढते, कारण हे तंतू सळईच्या कितीतरी पट ओढ सहन करतात. थरथरीचा इलाज वेगळा: मागांखाली रबराचे पॅड आणि मागांच्या रांगांची दिशा बदलणं. हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं असतं.

थोरल्यांना इतक्या पातळ कापडावर भरवसा नव्हता. त्यांना इबाखच्या पुलाची गोष्ट सांगितली. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळचा हा पूल. सिग्नल बसवताना भोक पाडलं आणि आतली ताणलेली केबल तुटली. १९९१ साली तो कार्बनच्या पट्ट्या चिकटवून दुरुस्त झाला. पोलादी प्लेटा लावायच्या तर १७५ किलो लागल्या असत्या, तिथे कार्बन लागला ६.२ किलो. थोरले म्हणाले, "मग तुमचं कापड तुटणार नाही." तुटणार नाही, पण सुटेल, आणि माझी सगळी काळजी त्या सुटण्याचीच होती.

कार्बनचा तंतू दीड टक्क्याच्या आसपास ताणला की तुटतो. आम्ही आमच्या हिशेबात ०.६५ टक्क्यांच्या पुढे जायचंच नाही, असं धरलं होतं, कारण त्याआधी चिकटलेला जोड सुटतो. आणि सुटतो तोही बहुधा इपॉक्सीत नाही, तर जुन्या काँक्रीटच्या वरच्या एक-दोन मिलिमीटरच्या पापुद्र्यात. भेगेच्या कडेला ओढ वाहून नेणारा भाग शंभरएक मिलिमीटरचाच असतो. तो सुटला की काम पुढच्या तेवढ्याच भागावर येतं आणि चेन उघडावी तसा जोड भेगेपासून टोकाकडे उघडत जातो. हलत्या भारात हे हळूहळू, फेऱ्यांमागून फेऱ्या, कुणाच्या लक्षात न येता होऊ शकतं. कंत्राटदाराने स्वस्त म्हणून काचेच्या तंतूचं कापड सुचवलं होतं. पण अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत सततच्या आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराला कार्बनची ५५ टक्के ताकद धरता येते, काचेची फक्त २० टक्के. मागांखाली काच नको, एवढं बोलून तो विषय संपवला.

काँक्रीट घासून झाल्यावर ओढ चाचणी घेतली. ५० मिलिमीटरची लोखंडी चकती इपॉक्सीने चिकटवायची, भोवती खाच पाडायची आणि यंत्राने सरळ खाली ओढायची. १.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर तरी हवं, म्हणजे त्या चकतीवर साधारण २८० किलोची ओढ. बहुतेक तुळयांवर चकत्या चांगल्या टिकल्या आणि निघताना काँक्रीटचा जाड तुकडा घेऊन निघाल्या. एका तुळईवर मात्र चकती निम्म्या ओढीलाच निघाली आणि तिच्या पाठीला तेलकट पिठासारखा थर होता. त्या तुळईवर पाण्याचे थेंब टाकले तर मुरले नाहीत, मोत्यांसारखे लोंबत राहिले. वर जाऊन पाहिलं. तिच्या बरोबर वर मागांची जुनी रांग होती आणि वर्षानुवर्षं गळलेलं तेल स्लॅबच्या भेगांतून खाली झिरपलं होतं. ही तुळई कार्बनच्या कामातून काढून टाकली. तिच्याखाली पोलादी गर्डर द्यायचा ठरला. कंत्राटदार म्हणत होता, अजून थोडं घासू, धुऊ. तेल किती खोल गेलंय हे ठाऊक नसताना त्यावर लाखभराचं कापड चिकटवणं मला मान्य नव्हतं.

कापड लावायला शुक्रवार धरला, कारण त्या दिवशी माग बंद असतात. मोठ्या भेगांत आधीच इपॉक्सी भरून झाली होती. केसासारख्या बारीक भेगा तेवढ्या राहिल्या होत्या. पहाटेपासून गोदाम प्लॅस्टिकने झाकून घेतलं, कारण कापसाची तूस हवेत तरंगत असते आणि ओल्या प्रायमरवर बसली की थर नीट धरत नाही. मग प्रायमर, पुट्टी, सॅच्युरंट (कापड भिजवणारी राळ), कापड, रोलर, पुन्हा सॅच्युरंट. उकाड्यात कालवलेला माल लवकर तापतो, म्हणून पोरं थोडाथोडाच कालवत होती. तुळयांच्या टोकांना, जिथे पट्टी सोलून निघण्याची भीती जास्त, तिथे त्याच कापडाचे यू आकाराचे पट्टे गुंडाळले. संध्याकाळपर्यंत सगळं लागलं होतं.

आणि दिवेलागणीला वर माग सुरू झाले.

थोरल्यांना दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता, त्यांनी अर्धी रांग चालू केली. मी वर गेले. आवाजात काही बोलता येईना, म्हणून त्यांना हाताने खुणावून खाली आणलं. एका बारीक भेगेच्या दोन बाजूंना, कापड जिथे नव्हतं तिथे, आम्ही हजारावा भाग मिलिमीटर दाखवणारं डायल गेज लावलं होतं. सुई मागांच्या ठोक्याला हलत होती. त्यांना म्हटलं, "शेठ, ही भेग आत्ता सेकंदाला दोनदा उघडमिट करते आहे. राळ घट्ट होण्याआधी भेगेची तोंडं अशी हलत राहिली, तर नेमकी तिथे ती नीट धरणार नाही. उद्या सगळी ओढ येणार तीही तिथेच."

हलक्या थरथरीने राळेचं फारसं बिघडत नाही, हे मला माहीत होतं. शिवाय ती इमारत पडणार आहे असं सांगून त्यांना घाबरवायचंही नव्हतं. पण जोडाची सगळ्यात नाजूक जागा भेगेची कड, आणि तिला शांतता हवी होती ती त्या एकाच रात्री. थोरले सुईकडे बघत राहिले. मग कारागिराला सांगून त्यांनी एकेक माग थांबवला आणि प्रत्येक माग थांबला तशी सुई कमी हलू लागलेली स्वतः पाहिली.

"आणि कारागिरांचं काय?" त्यांनी विचारलं. मागावर मजुरी मीटरवर मिळते. माग बंद तर पैसे बंद. त्या रात्रीचे पैसे दोघा भावांनी मिळून द्यावेत, असं मी म्हटलं. जी माणसं वर उभी राहणार त्यांच्यासाठीच तर हे काम चाललं होतं. धाकटे लगेच हो म्हणाले, थोरल्यांनी थोडा वेळ घेतला, पण दिले.

शनिवारी सकाळची पाळी सुरू होण्याआधी आम्ही नाण्याने ठोकून तुळया तपासल्या. माग चालू असताना ही तपासणी करताच येत नाही, पोकळ आणि भरीव आवाजातला फरक कानाला कळतच नाही. नखाएवढ्या पोकळ्या चालतात, अट एवढीच की त्या थोड्या असाव्यात आणि एका जागी दाटलेल्या नसाव्यात. एका यू पट्ट्याच्या कोपऱ्यात तळहाताएवढी पोकळी सापडली. कोपरा पुरेसा गोल केलेला नव्हता आणि कापड तिथे ताणलं जाऊन उचललं गेलं होतं. पोकळी तेवढीच असल्याने पट्टा न कापता सुईने राळ भरली. बाकी ठिकाणी आवाज भरीव होता.

आठवडाभर वर निम्मेच माग, तेही भिंतीकडचे. सात दिवसांनी मुद्दाम चिकटवून ठेवलेल्या कापडाच्या जादा तुकड्यांवर पुन्हा ओढ चाचणी घेतली. चकत्या १.९ ते २.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या दरम्यान निघाल्या आणि सगळ्यांच्या पाठीला खडीसकट जुनं काँक्रीट होतं. पाहायला वरचे कारागीर उतरले होते. एकाने तुकडा हातात घेऊन विचारलं, "हे कापडाला चिकटलेलं की कापड ह्याला?" त्याच दुपारी रांगा एकेक करून सुरू केल्या आणि प्रत्येक मागाखाली तेलासाठी पत्र्याचा ट्रे ठेवायला लावला.