जानेवारीच्या प्रदर्शनाची तयारी ऑक्टोबरात

गारठ्यात सकाळी सातला बोन्सायच्या ट्रेमधल्या मातीला बोट लावलं की ती ओलीच वाटते. गार माती हाताला ओलसर लागते, एवढंच त्याचं कारण. म्हणून थंडीच्या दिवसांत बोटावर विसंबू नये. बांबूची एक काडी ट्रेच्या तळापर्यंत खोचून ठेवावी आणि दहा मिनिटांनी काढून पाहावी. काडीवर ओलीचा गडद पट्टा उठला असेल तर आज पाणी नको. काडी फिकट, कोरडी निघाली तर पाणी द्यायचं, तेही ऊन अंगावर आल्यावर, नऊच्या पुढे. रात्रभर गच्चीवरच्या टाकीत गारठलेलं पाणी सहाला ओतलं की मुळं आणखी मंदावतात.

पुणे, नाशिक, अहिल्यानगर या पठारी भागात बोन्साय थंडीने क्वचितच मरतं, ते मरतं पाण्याच्या चुकीने. रात्री ट्रे गार पडतो, मुळांचं काम संथ होतं. दुपारी मात्र ऊन कडक असतं, हवा कोरडी असते आणि पानांतून पाणी उडतच असतं. उन्हाळ्याच्या सवयीने रोज झारी फिरवणाऱ्याची मुळं कुजतात. थंडीत झाडाला पाणी लागत नाही असं समजणाऱ्याच्या फांद्यांची टोकं वाळतात. दोन्ही चुका दिसायला सारख्याच, पानं पिवळी पडून गळतात. फरक मुळाशी कळतो: कुजलेलं मूळ दाबलं की साल सुटून हातात येते, तहानलेलं मूळ टणक असतं.

जपानी किंवा युरोपीय पुस्तकांतला हिवाळ्याचा भाग, म्हणजे बर्फ, पाचोळ्यात पुरलेल्या कुंड्या, काचघरं, आपल्याकडच्या वड, पिंपळ, फायकस (वड-पिंपळाच्याच कुळातलं कुंडीतलं झाड), चिंच, कुंती यांना लागू होत नाही. ही झाडं झोपत नाहीत, नुसती रेंगाळतात. निफाडसारख्या द्राक्षपट्ट्यात पारा कधी पाचच्याही खाली जातो. तिथे रात्रीपुरती वर हिरवी जाळी किंवा गोणपाट घालावं आणि ट्रे थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा बाकावर ठेवावेत. मुंबई, कोकण, गोव्यात तर डिसेंबरातही फायकस वाढतच असतो. तिथल्या लोकांनी खाली दिलेल्या तारखा दोनतीन आठवडे पुढे सरकवाव्यात.

अडचण अशी की आपल्याकडची बहुतेक प्रदर्शनं नेमकी याच रेंगाळण्याच्या काळात येतात. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत, मुंबईत राणीच्या बागेतलं महापालिकेचं प्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. बोन्साय क्लबमध्ये दरवर्षी काही जण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कात्री घेऊन बसतात, फायकसची टोकं छाटतात आणि प्रदर्शनाच्या दिवशी झाडावर नुसत्या खुंट्या दिसतात. पावसाळ्यात तीनचार आठवड्यांत भरून येणारा फायकस थंडीत सहा ते आठ आठवडे घेतो. म्हणून तारखा उलट्या मोजाव्या लागतात.

प्रदर्शन 25 जानेवारीच्या आसपास धरू. मोठी छाटणी आणि वायरिंग, म्हणजे वायर गुंडाळून फांद्यांना वळण देणं, सप्टेंबरअखेर उरकायचं. वायर ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, 45 अंशांच्या तिरप्या वेढ्यांनी, एका वायरीत शक्यतो दोन फांद्या बांधून. फायकसची फांदी पावसाळ्यात झपाट्याने जाड होते, सहासात आठवड्यांत वायर सालीत रुतायला लागते. तेव्हा ऑक्टोबरभर दर रविवारी वेढे तपासायचे. रुतायची चिन्हं दिसली की वायर उलगडत बसू नये, कटरने वेढ्या-वेढ्यावर तुकडे करून काढावी. उलगडताना फांदी पिचते, आणि सालीवरचा स्क्रूसारखा व्रण पुढची दोन वर्षं परीक्षकाला पहिल्या नजरेत दिसतो.

ऑक्टोबरच्या मध्यात शेवटचं खत. दहा इंची ट्रेला चमचाभर निंबोळी पेंड पुरे. त्यानंतर नत्र बंद. नत्र मिळालं की नवी पानं मोठी येतात, पेरं लांबतात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आता खरं काम, पानं काढण्याचं. पठारावर 20 ते 30 नोव्हेंबर हा काळ मला सगळ्यात योग्य वाटतो. आधी झाड त्या लायक आहे का ते बघावं. गेल्या सहा महिन्यांत रिपॉटिंग (मुळं छाटून माती बदलणं) झालेलं, खवले कीड लागलेलं किंवा पावसाळ्यात नीट न वाढलेलं झाड असेल तर त्याची पानं अजिबात काढू नयेत, ते यंदा प्रदर्शनाला न्यायचंच नाही. ज्युनिपरसारख्या सूचिपर्णी झाडाला तर हा प्रकार कधीच करू नये, सुया ओरबाडलेली फांदी पुन्हा फुटत नाही. निरोगी फायकसचं पान ओढून तोडायचं नाही. देठ अर्धा ठेवून कात्रीने कापायचं. देठाच्या बगलेत पुढच्या फुटीचा डोळा असतो, ओढलं की तोही सालीसकट येतो. उरलेला देठ आठदहा दिवसांत पिवळा पडून आपोआप गळतो. फांदीच्या अगदी टोकाची मिटलेली कळी मात्र खुडायची, नाहीतर सगळी ताकद तिकडेच जाते आणि आतल्या फुटी उपाशी राहतात. वरचा तिसरा भाग जोमदार असतो, तिथली सगळी पानं काढावीत. खालच्या बारीक फांद्यांवर दोनतीन पानं राहू द्यावीत, म्हणजे सगळं झाड एकाच वेळी भरतं. गळणारा चीक ओल्या फडक्याने लगेच पुसावा. बुंध्यावर सुकला की काळपट ओघळ उरतात आणि ते घासताना साल खरचटते.

पानं गेली की झाड पाणी पीत नाही. इथेच सगळ्यात जास्त झाडं जातात. कालपर्यंत रोज पाणी लागणारा ट्रे आज चारचार दिवस ओला राहतो आणि सवयीची झारी चालूच असते. काडीची परीक्षा या महिन्यात रोज करावी. झाड पूर्ण उन्हात ठेवावं, सावलीत आलेलं पान मोठं आणि मऊ होतं. दर तीनचार दिवसांनी ट्रे चतकोर फिरवावा. डिसेंबरच्या मध्याला हिरवे ठिपके दिसतात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पानं उलगडतात, आणि तिसऱ्या आठवड्यात ती गडद, चकचकीत, जुन्यापेक्षा निम्म्या आकाराची होतात. तोवर झाड प्रदर्शनाला तयार झालेलं असतं, जानेवारीत फक्त साफसफाई उरते.

बोगनवेलीची गोष्ट वेगळी. तिची शेवटची छाटणी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपवायची आणि डिसेंबरपासून पाणी ओढून धरायचं. पानं किंचित मलूल झाल्यावरच पाणी. सतत ओल्या मातीत ती पानंच काढत बसते, फुलांवर येत नाही. जाड, रसाळ पानांच्या जेडला आठदहा दिवसांनी पाणी पुरतं. पानाला बारीक सुरकुती दिसेपर्यंत थांबावं.

सगळ्यांनाच हिरवंगार झाड मांडायचं असतं, हे मला पटत नाही. टोकियोत 1934 पासून भरणारं कोकुफू हे बोन्सायचं प्रदर्शन फेब्रुवारीत असतं. तिथे पानगळी झाडं बिनपानांची मांडतात, कारण फांद्यांची रचना तेव्हाच उघडी दिसते. आपल्याकडे गोरखचिंच, पांगारा, चाफा हे याच काळात निष्पर्ण होतात. कुंडीतल्या गोरखचिंचेचा फुगीर बुंधा आणि बोटांसारख्या फांद्या जानेवारीत जशा दिसतात तशा ऑगस्टमध्ये कधीच दिसत नाहीत. पानं गळली की तिचं पाणी जवळजवळ थांबवावं. उघडं झाड बघून दया येते आणि पाणी घातलं जातं, मग मार्चमध्ये बुंधा दाबला तर मऊ लागतो. तोवर ती हाताबाहेर गेलेली असते.

कोरड्या हवेत ज्युनिपरवर लाल कोळी येतो. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारायची. कागदावरचे ठिपके चालायला लागले आणि बोटाने पुसल्यावर तांबडी रेघ उमटली तर कोळीच. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आतून-बाहेरून धुवावं, मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली द्रवरूप साबण घालून संध्याकाळी फवारावं, आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलं तर सुया भाजतात. फायकसची पानं दुमडून पुडीसारखी झाली असतील तर आत फुलकिडे असतात. अशी पानं हाताने खुडून पिशवीत बांधून टाकावीत, फवारा आतपर्यंत पोचत नाही.

डिसेंबरची क्लबची बैठक निवडीसाठी ठेवावी. प्रत्येकाने दोन झाडं आणायची, मागे साधा पांढरा कपडा लावायचा, झाड डोळ्यांच्या पातळीला ठेवायचं आणि मालकाने गप्प बसून इतरांचं ऐकायचं. पुढची बाजू कुठली, कुठली फांदी डोळ्यात येते, ट्रे मोठा होतो का, हे आपल्या आपल्याला दिसत नाही. सर्वसाधारणपणे ट्रेची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी असावी. ट्रे बदलावासा वाटला तरी आता मुळांना हात लावायचा नाही. अगदीच गरज असेल तर मुळांचा गोळा न फोडता तसाच दुसऱ्या ट्रेत सरकवावा, मोकळ्या जागेत चाळलेली माती भरावी.

पाट्यांचं कामही याच बैठकीत उरकावं. मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि बोन्साय म्हणून किती वर्षं, एवढंच लिहावं. झाडाचं वय लिहायचा मोह टाळावा. नर्सरीतून किंवा पडक्या भिंतीवरून आणलेल्या वडाचं वय कुणालाच ठाऊक नसतं, आणि फुगवलेला आकडा वाचून येणारा माणूस पुढच्या पाट्यांवरही विश्वास ठेवत नाही.

प्रदर्शनासाठी ट्रेमधल्या मातीवर पसरायचं शेवाळ मात्र डिसेंबरात शोधून मिळत नाही. ऑगस्टमध्ये भिंतींवरून खरवडून, सावलीत वाळवून, कागदी पाकिटात ठेवलेलं असेल तर ते हाताने चुरून, प्रदर्शनाआधी तीन आठवडे मातीवर भुरभुरावं आणि दिवसातून दोनदा फवारावं. पाणी बोअरचं असेल तर फवाऱ्यासाठी आरओचं घ्यावं, नाहीतर शेवाळावर आणि पानांवर पांढरे डाग पडतात. बुंध्याजवळचा मुळांचा पसारा झाकू नये. परीक्षक तोच आधी बघतो.

ट्रेच्या कडेला साचलेला क्षार निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर असं फडक्यावर घेऊन पुसावा. मिश्रण मातीत जाऊ देऊ नये. मग बिनझिलईच्या ट्रेला तेलाचा अगदी पातळ हात. इथे बरेच जण घरातलं खोबरेल घेतात. रात्री थंडी पडली की ते गोठतं आणि सकाळी मांडवात ट्रेवर पांढुरकी साय दिसते. बेबी ऑइलचे दोन थेंब बरे, तेही कोरड्या कापडाने पुन्हा पुसून घ्यावेत. पानांना तेल, चकाकीचे फवारे काही लावू नयेत, ओला कापूस पुरतो.

नेण्याच्या आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्यावं, सकाळी नाही. झाड भिजलेल्या मातीसकट टेम्पोत हलतं आणि मुळं सुटतात. ट्रे क्रेटमध्ये ठेवून चारी बाजूंनी स्पंजचे तुकडे ठासावेत, ट्रेवरून कापडी पट्ट्या बांधाव्यात, सुतळी सालीला कापते. उघड्या टेम्पोत वाऱ्याने तासाभरात नवी पानं करपतात, म्हणून वरून ओलसर मलमल टाकावी.

मांडवात तीन दिवस ऊन नाही, दिव्यांची उष्णता आहे आणि माणसांची ये-जा आहे. सकाळी दार उघडण्याआधी दोघांनी मिळून प्रत्येक ट्रे तपासायचा, एकाने काडी घालायची, दुसऱ्याने बारीक धारेने पाणी घालून खाली फडकं धरायचं. दुपारी चारला शेवाळावर एक फवारा. लोक पारंब्यांना हात लावतातच, त्यांच्यावर खेकसू नये, शेजारी उभं राहून झाडाबद्दल चार गोष्टी सांगाव्यात. हात आपोआप मागे जातो, आणि पुढच्या वर्षीचे सभासद बरेचदा असेच मिळतात.

परत आणल्यावर झाड चारपाच दिवस विरळ सावलीत ठेवावं, मग रोज तासतासभर ऊन वाढवत न्यावं. थोडी पानं गळतील, घाबरून खत घालू नये. शेवाळ मात्र लगेच काढून टाकावं, त्याच्याखाली माती ओली आहे की कोरडी हे कळत नाही. वड, पिंपळ, फायकस यांचं रिपॉटिंग होळीनंतर, रात्री उबदार झाल्यावर.