चेर्वेनचा किल्ला बघाच
आज बल्गेरियात रुसेजवळचा चेर्वेन किल्ला बघितला, खाली चेर्नी लोम नदीचं वळण आणि वर सरळ तुटलेला कडा. १२३५ पासून इथे बिशपचं ठाणं, त्यामुळे एवढ्याशा माथ्यावर चर्चच चर्च, घरं एकमेकांना खेटून आणि मधल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर अंग चोरूनच जायचं, लोखंडाचं काम करणारे कारागीर पण इथले. १३८८ मध्ये ऑटोमन फौजेने गड घेतला आणि हळूहळू सगळं उठलं. पण १४व्या शतकातला तीन मजली बुरूज अजून उभा आहे, दगडांना हात लावून आले. १९३० मध्ये वेलिको तर्नोवो शहरातला बाल्डविन बुरूज ह्याच्याच नमुन्यावरून पुन्हा बांधला! फोटोला सगळे तिकडे पळतात, मूळ बुरूजाकडे फारसं कोणी फिरकत नाही, फार वाईट वाटतं हो.