आत्या, शीला आणि किलपेकचं चर्च

खरं सांगू का, इकडे इंग्लंडात येऊन नऊ वर्षं झाली आणि खेड्यातली चर्च बघायचा मला मनापासून कंटाळा आला होता. कुठेही जा, तोच चौकोनी टॉवर, तीच वाकडी झालेली थडगी, कोपऱ्यात ते काळपट यूचं झाड, आत गारठा आणि जुन्या पुस्तकांचा वास. दहा बघून झाली की अकरावं कुणी दाखवू नये असं वाटतं. पण मे महिन्यात आत्या आली सिन्नरहून. आत्या म्हणजे शाळेत आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलेली बाई, दर वर्षी नववीच्या पोरांना गोंदेश्वराच्या आवारात बसवून स्केचिंग करून घ्यायची, त्यामुळे दगड दिसला की आधी हात लावून बघणार. लंडन दोन दिवसांत उरकलं आणि म्हणाली, "आता मला एखादं साधं खेडं दाखव गं, गर्दी नको." ऑफिसातल्या एकाने सांगितलं, किलपेकला जा.

ब्रिस्टलहून गाडीने दीडेक तास, हेरफर्डशायरमध्ये, वेल्सची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. माती लाल, सफरचंदाच्या बागा, मेंढ्या. शेवटी शेवटी नॅव्हिगेशनने अशा एका गल्लीत घातलं की समोरून ट्रॅक्टर आला आणि मला अर्धा किलोमीटर रिव्हर्स घ्यायला लागली, आत्या शेजारी बसून रामरक्षा म्हणतेय. ते असो.

चर्च एवढंसं. टॉवर नाहीच, पश्चिमेच्या टोकाला छपरावर घंटेपुरती एक छोटी कमान, बस. दगड गुलाबीसर लाल, इथला स्थानिक वाळूचा दगड. पहिल्यांदा मला वाटलं एवढ्यासाठी रिव्हर्स घेतली का मी. मग वळसा घालून दक्षिणेच्या दारासमोर आलो आणि आत्या थांबली ती थांबलीच.

दार अरुंद, दोन्ही बाजूंना दोन-दोन खांब आणि त्यांवर इंचभर जागा मोकळी सोडलेली नाही. बाहेरच्या खांबांवर नाग, एकाचं तोंड दुसऱ्याची शेपटी गिळतंय असे वरपासून खालपर्यंत. आतल्या डाव्या खांबावर वेलींत गुंतलेले दोन शिपाई, अंगात चक्क सैल विजारी. उजवीकडच्या खांबावर पक्षी आणि पानं, आणि वर एक चेहरा, डोळे वटारलेला, तोंडातून दोन्हीकडे वेली फुटल्यात. आत्या म्हणाली, "अगं, हे तर कीर्तिमुख, आपल्या देवळांवर असतं तसं!"

इथे त्याला ग्रीन मॅन म्हणतात. गंमत म्हणजे चेहरे आठ-नऊशे वर्षं जुने असले तरी हे नाव त्यांना १९३९ साली मिळालं, लेडी रॅगलन म्हणून एक बाई होत्या त्यांनी दिलं. आता कुणी म्हणेल कीर्तिमुख इथून तिकडे गेलं की तिकडून इथे आलं, पण मला त्यात पडायचं नाही, व्हॉट्सॲपवर तेवढं पुरेसं चालू असतं. दाराच्या वरच्या अर्धगोल दगडावर एक वेल आहे, त्याला जीवनवृक्ष म्हणतात. ना येशू, ना कुठला संत. हे सगळं साधारण ११४० सालचं. आपलं अंबरनाथचं देऊळ १०६० चं, म्हणजे हे त्याहून ऐंशी वर्षांनी धाकटं.

आत्याला चर्चचा प्लॅन समजवायला मला फार त्रास पडला नाही. लोक बसतात ते नेव्ह, म्हणजे सभामंडप समज. मग कमान, कमानीपलीकडे चान्सेल, जिथे पाद्री उभे राहतात, ते अंतराळ, म्हणजे देवळात मंडप आणि गाभारा यांच्या मधली जागा. आणि शेवटी पूर्वेला अर्धगोल ॲप्स, तो गाभारा. गाभाऱ्यात मूर्ती नाही, वेदी. तुलना अगदी तंतोतंत नाही हे मला माहितीये, पण पाचशे पानी पुस्तक वाचण्यापेक्षा तिला हे एका मिनिटात कळलं. आणि किलपेकला हे तिन्ही भाग ११४० चे तसेच्या तसे शिल्लक आहेत, हे फार कमी ठिकाणी होतं, कारण बाकी गावांत पैसा आला की लोकांनी खिडक्या मोठ्या केल्या, बाजूला दालनं जोडली, टॉवर चढवला.

आता मुख्य गोष्ट. छपराच्या खाली भिंतीला गोल फिरून दगडी तोडे बाहेर आलेत, इथे कॉर्बल म्हणतात, त्यातले ८५ आजही आहेत, मुळात ९१ होते. प्रत्येकावर काहीतरी वेगळं. मान वर करून फिरत राहायचं. एकावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी, कुत्र्याचे कान पडलेले, डोळे गोल, दोघंही असे बघतायत की जणू आपणच काहीतरी चूक केलीये. आजच्या कार्टूनमध्ये सहज खपेल. आत्याने गवतावर बैठक मारली, गुडघ्याची तक्रार विसरून, आणि ते दोघं वहीत उतरवले.

मग ॲप्सच्या बाजूला ती आहे. मला माहीत होतं, म्हणून मी जरा घाईघाईने पुढे निघाले, आत्यासोबत कसं बघायचं म्हणून. डोकं मोठं, टक्कल, डोळे बटबटीत, आणि दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी बाई. चर्चच्या भिंतीवर. आत्या मागून हाक मारते, "अगं इकडे ये, लज्जागौरी आहे बघ!" एवढ्या मोठ्याने, की एक गोरे आजोबा वळून बघायला लागले. मला कुठे तोंड लपवू झालं. तिला काही नाही, ती शांतपणे सांगत होती, मराठवाड्यातल्या तेरला मिळालेल्या मूर्तींना डोकं नसतं, डोक्याच्या जागी कमळ असतं, इथे उलटं आहे, डोकंच केवढं दिलंय. हिला इथे काय म्हणतात, तिने विचारलं, मी म्हटलं शीला-ना-गिग, आयरिश नाव आहे. "शीला? आमच्या स्टाफरूममध्ये होती एक शीला," एवढंच म्हणाली आणि पेन्सिलला टोक काढायला लागली.

हिच्याबद्दल जितके अभ्यासक तितकी मतं. कुणी म्हणतं वासनेपासून सावध करायला, कुणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून, कुणी म्हणतं सुफलतेची जुनी देवता. मला सगळ्यात आवडला तो १८४२ साली इथली सगळी चित्रं काढणारा माणूस, त्याने हिला बाई मानलंच नाही, विदूषक ठरवला आणि ती फट म्हणे छातीतली, हृदयाकडे जायची वाट. घ्या.

हे सगळं कुणी केलं? त्या काळी या भागात कारागिरांची एक टोळीच होती, आता त्यांना हेरफर्डशायर स्कूल म्हणतात. सांगतात ते असं की ऑलिव्हर द मेर्लिमाँ नावाचा कारभारी स्पेनमधल्या सँटियागोच्या यात्रेला गेला, त्यांची पंढरीच ती, वाटेत फ्रान्समधली नक्षीदार चर्च बघून आला आणि परत येऊन इथल्याच शॉबडन गावी तसंच चर्च बांधून घेतलं. मग किलपेकच्या ह्यूने तीच माणसं लावली. ह्यूचा किल्ला चर्चच्या मागेच होता, आता मातीचा उंचवटा आणि भिंतीचे दोन तुकडे उरलेत, वर मेंढ्या. इंग्लंडचा राजा जॉनसुद्धा इथे मुक्कामाला येऊन गेलाय. सरहद्दीवरचं महत्त्वाचं ठाणं होतं, पण चौदाव्या शतकानंतर या भागाला उतरती कळा लागली, पैसा गेला, आणि पैसा गेला म्हणूनच जुनं पाडून नवं बांधायला कुणी आलं नाही. सतराव्या शतकात प्युरिटन म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट लोकांनी ठिकठिकाणी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, त्यातून ही शीला कशी सुटली हे मात्र कोडंच आहे.

त्या नक्षीदार दारावर पूर्वी लाकडी पोर्च होता. कितीतरी वर्षं त्याने पाऊस अंगावर घेतला. १८६८ साली तो काढला, लोकांना कोरीवकाम नीट दिसावं म्हणून. आत्याला हे वाचून दाखवलं तर तिने नुसतं आकाशाकडे बघितलं, कारण तोवर भुरभुर सुरू झाली होती.

आत गेलो. चान्सेलच्या कमानीला एकावर एक उभे केलेले संत, दोन्हीकडे तीन-तीन. दाराजवळ तीर्थाच्या पाण्याचं दगडी पात्र, पोट धरून बसलेल्या माणसासारखं, दोन हातांनी ढेरी कवटाळलेली. आत्याने खिशातून काढून पेटीत पाच पौंड टाकले, मला टाकू दिले नाहीत. तिकीट नाही, गार्ड नाही, दार उघडं.

निघताना हट्ट धरला, ते पहिलं चर्च बघू, शॉबडन. पाऊण तास आणखी गाडी. शॉबडनच्या मालकाकडे पैसा होता, त्यामुळे १७५०च्या दशकात तिथलं जुनं चर्च पाडून नवीन बांधलं, आत पांढरा आणि निळा रंग, अगदी बर्थडे केकसारखं. जुन्या कमानी आणि दारं उचलून टेकडीवर नेऊन उभी केली, बागेची शोभा म्हणून. तेव्हापासून ती उघड्यावर आहेत. आम्ही ओल्या गवतातून चढून गेलो. आकार कळतो, खांब कळतात, त्यावर माणसं असावीत असं वाटतं, पण चेहरा एकालाही नाही, नुसते चोखलेल्या साबणासारखे गुळगुळीत गोळे. हेच ते हात, तीच ती पिढी.

आत्याने वही उघडली, कमानीची बाहेरची रेघ मारली, आत काय भरायचं ते बराच वेळ बघत राहिली आणि वही मिटली. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावता लावता म्हणाली, "त्या किलपेकवाल्यांना कळव, म्हणावं तो पोर्च परत बसवा."