आमची वाटचाल : पुढच्या गाडीपासूनचं अंतर शिकवण्याचा धंदा

फोन करणारा पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो, "लायसन्स आहे, इतकी वर्षं गाडी चालवतोय, आता पैसे मोजून वर काय शिकायचं?" आणि लगेच दुसरा, "गाडी घसरली की सावरायची कशी, ते शिकवता ना?" पहिल्या प्रश्नात शंका असते, दुसऱ्यात उत्साह. उत्साहाच्या बाजूने गेलो असतो तर लायसन्स असलेल्यांना ड्रायव्हिंग शिकवणारी आमची फर्म आज बरीच मोठी असती. आम्ही शंकेच्या बाजूने गेलो, आणि ते ठरवून.

या धंद्यात येण्याआधी मी एका वाहतूक कंपनीच्या ताफ्याचे अपघात आणि इन्शुरन्सचे क्लेम बघायचो. टेबलावर येणाऱ्या फायलींत थरार औषधालाही नसायचा. रिव्हर्स घेताना खांबाला ठोकलेलं बंपर. पुढच्याने ब्रेक मारला आणि मागचा जाऊन आदळला. वळताना बाजूचा सायकलवाला दिसलाच नाही. वळणावर गाडी हातातून सुटली अशी फाईल क्वचित, आणि तिच्याही मुळाशी गेलं की वळणात शिरतानाचा वेगच सापडायचा. चालकाचा जबाब ठरलेला : "साहेब, अचानक समोर आला." कॅमेऱ्याचं चित्रण लावून बघावं, तर तो समोर आलेला माणूस चांगला तीन-चार सेकंद आधीपासून चौकटीत दिसत असायचा.

माझे भागीदार माझ्यापेक्षा वयाने मोठे. तरुणपणी मोटार रॅलीच्या शर्यतींत गाडी चालवलेली. घसरती गाडी हाताळण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. फर्म काढायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, हेच आपलं भांडवल. ओलं मैदान, गुळगुळीत टायर, गर्रकन फिरणारी गाडी, जाहिरातीला याहून चांगलं काय हवं? त्यांनीच नकार दिला. म्हणाले, "अरे, हे अंगात भिनायला मला वर्षं लागली, रोजचा सराव करून. अर्ध्या दिवसात मी फक्त एवढंच शिकवू शकतो, की आपल्याला हे जमतं असं माणसाला वाटेल. ते तर सगळ्यात वाईट."

त्यांचं हे म्हणणं अनुभवातून आलेलं होतं. मी त्याला आधार शोधायला बसलो आणि तो भरपूर सापडला. नॉर्वेमध्ये १९७९ पासून नव्या चालकांसाठी निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं होतं. १९८८ मध्ये त्याचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं, तेव्हा तरुण पुरुष चालकांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. फिनलंडमध्येही चित्र याच वळणाचं निघालं. स्वीडनचे वाहतूक-संशोधक ग्रेगरसन यांनी १९९६ मध्ये एक प्रयोग मांडला. तरुण चालकांच्या एका गटाला ब्रेक मारून अडथळा चुकवण्याचं कौशल्य शिकवलं, तर दुसऱ्या गटाला असे डावपेच ऐनवेळी किती भरवशाचे असतात ते अनुभवायला लावलं. नंतर मोजलं, तर प्रत्यक्ष कौशल्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. पण पहिल्या गटाला आपण जास्त तरबेज झालो असं वाटत होतं.

कागदावर त्याहून जड निघाला तो २००३ चा कॉक्रेन आढावा. कॉक्रेन ही एकेका विषयावरच्या चाचण्या गोळा करून तपासणारी संशोधकांची संस्था. लायसन्स मिळाल्यानंतरच्या प्रशिक्षणावर झालेल्या २४ चाचण्या एकत्र करून त्यांनी बघितलं, की अशा प्रशिक्षणाने अपघात कमी होतात का. निष्कर्ष : तसा पुरावा नाही. ज्या धंद्यात पैसे घालायचे, त्याच धंद्याबद्दल हे वाचायला मिळालं. त्यातल्या बऱ्याच चाचण्या वाईट रेकॉर्ड असलेल्या चालकांना पाठवलेली पत्रं, पुस्तिका किंवा गटवर्ग यांच्या होत्या, शेजारी बसून शिकवण्याच्या नव्हत्या, हे खरं. तरी "आमचा कोर्स करा, अपघात टळतील" असं छातीठोकपणे सांगायची सोय राहिली नाही. आमच्या माहितीपत्रकात ते वाक्य आजही नाही.

ज्यांच्या माहितीपत्रकात आहे, त्यांचा हिशोब कसा जुळतो तेही सांगतो, कारण क्लेमच्या टेबलावर बसलेल्याला ते चटकन दिसतं. कंपनी कोर्सला कोणाला पाठवते? गेल्या वर्षी ज्यांनी ठोकल्या त्यांना. अपघात हा निम्मा नशिबाचा खेळ. ज्याच्या वाट्याला एका वर्षात तीन आले, त्याच्या वाट्याला पुढच्या वर्षी बहुधा कमीच येणार, कोर्स केला काय आणि न केला काय. श्रेय मात्र कोर्सला. आणि जे स्वतःच्या खिशातून पैसे भरून येतात ते मुळातच सांभाळून चालवणारे असतात. त्यांचे आकडे चांगले दिसले तर त्यात शिकवणाऱ्याचा वाटा किती, हे कोणी सांगू शकत नाही. एका कंपनीने आमच्याकडे "अपघात इतके टक्के कमी होतील" अशी लेखी हमी मागितली. दिली नाही, काम गेलं.

मग आम्ही विकतो काय? मुख्यतः तीन गोष्टी : नजर, अंतर आणि ब्रेकवरचा पाय.

पाय आधी, कारण ते मोकळ्या मैदानावर डोळ्यांनी दिसतं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी प्रणाली, ही काही नवी गोष्ट नाही, बॉशने बनवलेली प्रणाली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत १९७८ सालीच आली. तरी आमच्याकडे येणाऱ्यांत आपल्याच गाडीतलं एबीएस कधीही न अनुभवलेली माणसं ढिगाने असतात. आम्ही सांगतो, या शंकूपाशी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबा. माणूस दाबतो, पेडल पायाखाली थरथरतं, खालून घर्रर्र आवाज येतो, आणि तो दचकून पाय उचलतो. गाडी पुढे सुटते. विचारलं की उत्तर येतं, "काहीतरी तुटलं असं वाटलं." काही तुटलेलं नसतं. चाक लॉक होऊ नये म्हणून प्रणाली ब्रेकचा दाब सेकंदाला कित्येक वेळा सोडते-धरते, त्याचाच तो थरथराट. पाय तसाच रोवून ठेवायचा, स्टेअरिंग मोकळ्या बाजूला वळवायचं आणि नजर जिथे जायचंय तिथे. दोन-चार वेळा केलं की पाय उचलणं थांबतं. एवढा भाग शिकवायला अर्धा तास पुरतो, आणि माझ्या मते अख्ख्या कोर्सच्या किमतीचा बराचसा मोबदला इथेच मिळतो.

घसरण्याबद्दल म्हणाल, तर ते काम आता गाडीच करते. १९९५ पासून गाड्यांत येऊ लागलेली स्थैर्य-नियंत्रण प्रणाली चारांपैकी एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करू शकते. माणसाकडे पेडल एकच. भागीदार हसत म्हणतात, "माझी अर्धी कला त्या डब्यात गेली." अमेरिकेतल्या अभ्यासांत या प्रणालीमुळे एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात जवळजवळ निम्म्याने घटल्याचं दिसलं. जुनी गाडी विकून ही प्रणाली असलेली घ्यायची की आमचा कोर्स करायचा, असं कोणी विचारलं, तर आम्ही गाडी घ्यायला सांगतो. टायर गुळगुळीत झालेले असतील तर आधी टायर. हे ऐकून गेलेले काही जण टायर बदलून परत आले, बाकीचे आले नाहीत.

अंतराचा धडा देताना आम्ही एक मोठा रिकामा खोका वापरतो. कोरडा, चांगला डांबरी रस्ता धरला आणि चालकाला भानावर यायला एक सेकंद दिला, तर ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी साधारण २८ मीटरवर थांबते. खोका तिथेच ठेवायचा. आता तीच गाडी ६० ने आणायची. बहुतेकांचा अंदाज असतो, थोडी घासेल, फार तर ढकलेल. ६० ची गाडी त्या खोक्यावर पोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ४० च्या आसपास असतो. खोका उडून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पडतो, आणि मागच्या सीटवर बसून गप्पा मारणारेही गप्प होतात. पुढे सांगावं लागत नाही. रस्त्यावर मीटर कोण मोजत बसणार, म्हणून दोन सेकंदांचा नियम : पुढची गाडी एखाद्या खुणेपाशी आली की मोजायला लागायचं, आपण तिथे पोचेपर्यंत किमान दोन सेकंद व्हायला हवेत, पावसात चार. सगळ्यांना माहीत असतो. पाळणारे किती, ते शेजारी बसल्यावरच कळतं.

नजरेचा धडा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात किमती. माणसाने गाडी चालवता चालवता दिसेल ते मोठ्याने बोलत जायचं. "डावीकडे उभी व्हॅन, चाकं आमच्याकडे वळलेली, आत चालक आहे. पुढे बस थांबलीय, तिच्यापुढून कोणी येऊ शकतं. आरशात मोटारसायकल, जवळ येतेय." ब्रिटनच्या पोलिसांची ही जुनी पद्धत, १९३० च्या दशकात लंडनजवळच्या हेंडन इथल्या त्यांच्या ड्रायव्हिंग शाळेतून जी शिस्त उभी राहिली त्या घराण्यातली. पहिल्या दहा मिनिटांत लोक लाजतात, मग अडखळतात, मग त्यांच्याच ध्यानात येतं की आपण पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांपलीकडे काही बघतच नाही. एक गृहस्थ, आयुष्य स्टेअरिंगवर गेलेले, संबंध फेरीत आरशाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. गाडी थांबवल्यावर म्हणाले, "मॅडम, आरसा मी बघतो हो, फक्त बोललो नाही." आमच्या प्रशिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "काका, आरसा छताकडे लागलाय."

धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल आणला तो स्वीडनमधल्याच एका अभ्यासाने. तिथल्या दूरसंचार कंपनीत चालकांचे गट पाडून चार उपाय करून बघितले : ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण, गटचर्चा, प्रचारमोहीम आणि अपघात न करणाऱ्यांना बक्षीस. गटचर्चेचा परिणाम सगळ्यात चांगला निघाला, आणि खर्चाच्या मानाने तर फारच. चालकांनी एकत्र बसायचं, आपल्या कामात धोका कुठे आहे ते आपणच शोधायचं आणि आपणच काय बदलणार ते ठरवायचं, बस. आम्ही कंपन्यांच्या कोर्समधली मैदानावरची वेळ कमी करून तिथे चर्चा घातली. विकायला अतिशय अवघड माल. "आमच्याच माणसांना आमच्याच खोलीत बसवून बोलायला लावायचे पैसे?" असं तोंडावर विचारणारे मालक भेटले. पण एका डिलिव्हरी कंपनीच्या चालकांनी तासाभरात सांगून टाकलं की घाई त्यांच्या स्वभावात नाही, वेळापत्रकात आहे, शेवटचे थांबे दिलेल्या वेळेत बसतच नाहीत. मालक तिथेच होते. त्यांनी थांबे कमी केले. गाडी चालवण्याचा एकही धडा न देता त्या दिवशी आम्ही जे दिलं, ते मैदानावर देता आलं नसतं.

म्हणून पैसे वसूल होतात का, या प्रश्नाला माझं उत्तर माणूस बघून बदलतं. ताफा असलेल्या कंपनीचे होतात, पण एकदाच बोलावून प्रमाणपत्रं भिंतीवर लावायची असतील तर नाही. पुन्हा पाहणी, गाडीतल्या यंत्रावर जोरात मारलेल्या ब्रेकची नोंद, त्यावर बोलणं, हे सगळं मागे लागलं तरच सवय टिकते. इंधनही वाचतं, आणि पाठपुरावा सुटला की ती बचत विरते. खूप वर्षांनी पुन्हा गाडी हातात घेणारे, लहान गाडीवरून मोठ्या व्हॅनवर गेलेले, महामार्गाची धास्ती बसलेले, यांचे तर नक्कीच. मुलाला लायसन्स मिळालं म्हणून घसरगुंडीच्या कोर्सला घाला म्हणणाऱ्या वडिलांना मात्र आम्ही परत पाठवतो. नव्या चालकाचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे, आणि त्यावर शेजारी बसलेल्या मोठ्या माणसासोबतचा भरपूर सराव आणि रात्री मित्रांनी भरलेली गाडी न देणं हाच उपाय. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत आणली ती याच विचाराने, आणि तिच्यामागचा पुरावा आमच्या कुठल्याही कोर्सपेक्षा भक्कम आहे. वडिलांना हे आवडत नाही. त्यांना पैसे देऊन काळजी मिटवायची असते.

या सगळ्यामुळे आमचा नफा बेताचाच राहिला. पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या तर प्रशिक्षकाचा वेळ जातो, आणि मैदानाचं भाडं काही चुकत नाही. शेजारच्याच मैदानावर एक मोठी फर्म गाड्या गरगर फिरवते. आमचेच विद्यार्थी चहाच्या वेळेत तिकडे बघत उभे राहतात. टिकलो ते परत येणाऱ्या कंपन्यांच्या जोरावर.

सध्या आमच्यात वाद चाललाय तो दुचाकीचा वर्ग काढायचा की नाही यावर. भागीदारांचं म्हणणं, एबीएस नसलेल्या दुचाकीवर पुढचा ब्रेक किती दाबायचा हे खरंखुरं हाताचं कौशल्य आहे, ते शिकवलंच पाहिजे. माझं म्हणणं, हाताला ते वळण लागलं की तोच हात थ्रॉटलवरही धीट होणार. मैदान दोघांनी मिळून बघून आलोय, अभ्यासक्रम कागदावर तयार आहे. पहिल्या तासाला काय घ्यायचं, तेवढंच ठरायचंय.