चौदा फुटांचा मोह

देवबागला माझं आजोळ, कर्ली खाडी अगदी परसदारी. तिथे कायमची ठेवायला एक कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, घ्यायची, असं गेल्या दिवाळीत ठरवलं. अनुभव म्हणाल तर तारकर्लीत पर्यटक म्हणून दोनदा तासभर वल्हं मारलेलं, बस.

मन बसलं होतं चौदा फुटी, निमुळत्या सिट-इनवर, म्हणजे जिच्या पोकळीत पाय आत घालून बसायचं अशा कयाकवर. लांब, अरुंद कयाक सरळ आणि झपझप जाते, हे खरंच आहे. मित्राकडे तशीच होती, जेमतेम 23 इंच रुंद. घेण्याआधी चालवून बघ, म्हणाला. काठापासून वीस हात गेलो असेन, वळून मामाला हात केला आणि गेलो पाण्यात! अंगात लाइफ जॅकेट होतं, पाणी छातीएवढंच होतं. पण कयाक काठोकाठ भरली. ओढत काठाला आणून, उपडी करून रिकामी करताना आम्हा दोघांची दमछाक झाली. मामाचा जन्म होडीत गेलेला. तो एवढंच म्हणाला, "आणि ह्या खोलात झाला असता तर?"

सिट-इनचं नाव तिथेच संपलं.

हवा भरायची कयाक पुण्याच्या फ्लॅटमध्येही मावली असती, पण खाडीच्या खडकांवरची कालवं, म्हणजे धारदार शिंपले, तळपायाला काय करतात ते लहानपणापासून माहीत आहे.

शेवटी सिट-ऑन-टॉप, म्हणजे बंद कयाकच्या वरच बसायची, अशी घेतली: दहा फूट लांब, 30 इंच रुंद, वजन 24 किलो. वाळूवरून एकटा ओढू शकतो. वरचं पाणी तिच्यातल्या आरपार भोकांतून आपसूक निघून जातं. मुद्दाम दहा वेळा पडलो. पोटावर आडवं चढायचं, मग कुशीवर वळून बसायचं. चौथ्या खेपेला जमलं. विक्रेता 120 किलो क्षमतेची देत होता. मी 82 किलोचा, वर पाणी, डबा, गळ. म्हणून हट्टाने 150ची घेतली. भार क्षमतेच्या जवळ गेला की ती पाण्यात रुतल्यासारखी चालते.

तोटे आहेतच. नाक सारखं डावी-उजवीकडे करते, आणि बूड कायम ओलं, कारण त्याच भोकांतून पाणी वरही येतं. बुचं मिळतात, ती घ्या.

चूक केली ती वल्ह्यात. फुकट मिळालेलं 210 सेंटिमीटरचं घेतलं. एवढ्या रुंद कयाकला ते आखूड पडतं, दर फटक्याला बोटं कडेवर घासतात. 230चं मागवलंय; तोवर उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी.